आईनं काय मागवलं होतं?

ताई, नमस्कार.

माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. वडील, म्हणजे आमचे अप्पा, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. कोकणातून आले ते लग्न होईपर्यंत आठ वर्षं खानावळीत जेवले. पुढे संसार झाल्यावर मात्र पगारानंतरच्या रविवारी ते आम्हाला हॉटेलात न्यायचे. लोकांना सिनेमे आठवतात, मला बशा आठवतात. माटुंग्याला रामा नायकांकडचा मसाला डोसा, त्याच्या पोटातली ती पिवळी भाजी आणि सांबारात बुडवून अप्पांनी भरवलेला पहिला तुकडा. दादरला मामा काण्यांकडचा बटाटेवडा. ग्रँट रोडच्या बी. मेरवानचा मावा केक, ज्याचा कागद मी चाटायचो. आमच्या नाक्यावरच्या इराण्याच्या फॅमिली रूममध्ये बसून खाल्लेला ब्रून मस्का. अप्पा शिरल्या शिरल्या आधी खिशातला कंगवा काढून आरशात भांग नीट करायचे, मग भिंतीवरचा फळा मोठ्यानं वाचायचे आणि शेवटी नेहमीचंच मागवायचे! आई म्हणायची, 'तुम्ही खा, माझं पोट भरलंय.' काय ते दिवस होते!

अप्पांना जाऊन सहा वर्षं झाली. पुढच्या महिन्यात आईला ऐंशी पूर्ण होतील. सहस्रचंद्रदर्शनाचा विषय तिनं उडवून लावला. मग मी ठरवलं की एक टेम्पो ट्रॅव्हलर करायची, घरची चौदा माणसं घ्यायची आणि एका रविवारी अप्पांची सगळी हॉटेलं पालथी घालायची. इराणी आता नाही, तिथे मोबाईलचं दुकान आहे, पण निदान त्यासमोर फोटो काढू. 'अप्पांची खाद्ययात्रा' असा ग्रुप केला, पोस्टर टाकलं. नाशिकच्या धाकट्या बहिणीनं त्याच ग्रुपवर लिहिलं, 'कुठली हॉटेलं? मला कुणी कधी नेल्याचं आठवत नाही. मला आठवतात त्या आईनं रात्री अकरापर्यंत लाटलेल्या चपात्या.' आणि ग्रुप सोडला. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. गिरण्यांचा संप झाला तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षांची. संपानंतर अप्पा पुन्हा गिरणीत गेले नाहीत. बराच काळ घरी होते, मग वॉचमनची नोकरी. आईनं डब्यांचं काम धरलं, ते पुढे वीस वर्षं.

आईला विचारलं तर म्हणते, 'तुम्ही ठरवाल ते, मला काही नको.' मला सांगा, मी आठवणी रचून सांगतोय का? की बहिणीला अप्पांचं चांगलं पाहवतच नाही? यात्रा काढू की नको?

– एक लालबागकर, सध्या डोंबिवली

(पत्र बरंच मोठं होतं. जागेसाठी कापलं आहे. कापलेल्या भागातही बहुतेक खाणंच होतं.)

लालबागकर,

आधी टेम्पो ट्रॅव्हलरचं बुकिंग रद्द करा, मग पुढचं वाचा.

ऐंशीची बाई, एका दिवसात इतकी हॉटेलं, सोबत तेरा माणसं आणि त्यातली निम्मी मोबाईल वर धरून उभी. मेरवानकडचा मावा केक गाठायचा म्हणजे सकाळी लवकर पोचलं पाहिजे. मग डोंबिवलीहून निघायचं किती वाजता? तिथून दादर, दादरहून माटुंगा. माटुंग्याला रविवारची रांग, आणि रामा नायकांकडे जेवायचं तर जिना चढून वर. तुमच्या पत्रात अप्पांचा कंगवा आहे, आईचे गुडघे कुठेच नाहीत. बंद पडलेल्या इराण्यासमोर मोबाईलच्या दुकानाच्या पायरीवर तिला उभं करून फोटो काढायचा बेत तर मला वाचूनच दमवून गेला.

आता तुमचा पहिला प्रश्न. नाही, तुम्ही रचून सांगत नाही आहात. पण रामा नायकांकडचा मसाला डोसा मला जरा खटकला. १९४२ पासूनच्या त्या उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंगचं नाव आहे ते केळीच्या पानावरच्या जेवणाचं. डोसा तुम्ही बहुधा त्याच भागात दुसरीकडे खाल्ला असणार. १९४० पासूनचं कॅफे मद्रास तिथेच, किंग्ज सर्कलला आहे, आणि आणखीही उडिपी हॉटेलं आहेत. दोन वेगळे रविवार तुमच्या डोक्यात एकाच टेबलावर येऊन बसले असावेत. यात लाजण्यासारखं काही नाही. आठवण दरवेळी काढली की थोडी नव्यानं घडते, आणि तुम्ही तर ही गेली चाळीस वर्षं काढताय. खाण्याच्या बाबतीत ती इतकी ठसठशीत का वाटते, तर त्याला नाक जबाबदार. डोळ्यांचा, कानांचा निरोप मेंदूत आधी एका मधल्या ठाण्यावर थांबून पुढे जातो. वासाचा निरोप मात्र भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत जवळजवळ थेट पोचतो. म्हणून सांबाराचा वास आला की अप्पा समोर उभे राहतात. ते खरेच उभे राहतात. फक्त कुठल्या हॉटेलात, याची साक्ष नाक देत नाही. आणि हे बहिणीला पटवून देण्यासाठी पुरावे गोळा करत बसू नका, कारण तिचं म्हणणं मुळात वेगळंच आहे.

त्याआधी अप्पांविषयी थोडं. ते आठ वर्षं खानावळीत जेवले हे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच वाटलं. गिरणगावात ही तेव्हा सर्रास रीत होती. बायकापोरं गावाला, इथे एका खोलीत दाटीवाटीनं राहून पाळ्यांप्रमाणे झोपणारे पुरुष, आणि महिन्याच्या बोलीवर खानावळ. या खानावळी बहुतेक करून बायका चालवायच्या, आपल्याच चाळीतल्या खोलीत, स्टोव्हच्या धगीत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. त्यांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं ते त्यानंतर, तोवर गाठ सावकाराशी. खानावळीत माणूस पोटासाठी जातो. पानात पडेल ते खायचं, पाळीची वेळ गाठायची, उठायचं. फळा वाचून 'मला हे नको, मला ते आणा' म्हणायची तिथे सोय नसते. आठ वर्षं असं जेवलेला माणूस भांग पाडून हॉटेलात शिरतो, अख्खा फळा मोठ्यानं वाचतो आणि मग नेहमीचंच मागवतो, यावर तुम्ही उद्गारचिन्ह टाकलंय. मला त्यात काही विनोदी वाटलं नाही. नेहमीचंच घ्यायचं असलं तरी निवड आपली आहे, हे त्यांना दर महिन्याला एकदा अनुभवायचं होतं. आणि खानावळीला एकटे जाणारे अप्पा हॉटेलात बायकोला, मुलाला घेऊन जात होते. त्यांच्या बरोबरीच्या किती जणांच्या बायका तेव्हा गावालाच होत्या! अप्पा रसिक होते यात शंका नाही.

पण मग बहीण. तिचं गणित तुम्ही स्वतःच मांडलंत आणि उत्तर लिहायचं सोडून दिलंत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तुम्ही तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे. तुमच्या पत्रातला प्रत्येक रविवार त्या तारखेच्या आधीचा आहे. त्यानंतरचं एकही हॉटेल पत्रात नाही, पुन्हा वाचून बघा. बहीण साडेतीन वर्षांची होती. पगाराचा रविवार म्हणजे काय हे कळण्याच्या वयात ती आली तेव्हा घरात पगारच येत नव्हता. त्याआधी तिलाही कडेवर घेऊन नेलं असेल, डोशाची कड तिच्याही हातात दिली असेल. त्या वयातलं बहुतेक कुणालाच आठवत नाही, मग ते नेणं तिच्या खात्यात कसं जमा होणार? तुमच्या वाट्याला आरशात भांग नीट करणारे अप्पा आले. तिच्या वाट्याला शाळेतून घरी यावं तर भरदुपारी खाटेवर बसलेले अप्पा आले, आणि कोपऱ्यात पिठाच्या डब्याशी आई. आता चाळीस वर्षांनी तिच्या फोनवर एक पोस्टर येतं, डोशाचं चित्र, खाली 'अप्पांची खाद्ययात्रा'. तिनं दोन वाक्यं लिहून ग्रुप सोडला हे मला तरी संयमाचंच वाटलं.

तिला अप्पांचं चांगलं पाहवत नाही, हे वाक्य मागे घ्या. ते चांगलं तिला पाहायलाच मिळालं नाही. आणि तिनं जे लिहिलं तीही अन्नाचीच आठवण आहे. रात्री अकराला लाटलेल्या चपात्यांचाही वास असतो, तव्यावरच्या जळलेल्या पिठाचा, आणि तो तिच्या डोक्यात तितकाच पक्का बसला असणार जितका तुमच्या डोक्यात सांबाराचा. तुमच्या यात्रेत त्या चपात्यांना कुठे थांबा नव्हता, इतकंच ती म्हणाली.

आता आई. पत्रात मी पदार्थ मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं. मावा केकच्या कागदाचा तुपकटपणासुद्धा तुम्ही वर्णन केलाय (वाचकहो, तो भाग कापला). आईच्या नावावर एकच वाक्य आहे: 'तुम्ही खा, माझं पोट भरलंय.' लालबागकर, रविवारी भारतमाता टॉकीजला सिनेमा बघून, परळला गाडी पकडून माटुंग्याला उतरलेल्या बाईचं पोट नेमकं कशानं भरलं होतं? हा प्रश्न तुम्हाला दहाव्या वर्षी पडला नाही यात नवल नाही. सत्तावन्नाव्या वर्षी पत्र लिहितानाही तो पडला नाही, म्हणून मी विचारतेय.

लगेच गळा दाटून येऊ देऊ नका. 'आईनं किती त्याग केला' म्हणून तिला मखरात बसवायची घाईसुद्धा नको. ते पुन्हा तिला न विचारता ठरवल्यासारखंच होईल. शक्यता बऱ्याच आहेत. कदाचित पैसे मोजके होते आणि ती हिशेब करत बसली होती. कदाचित तिला डोसा आवडतच नव्हता. कोकणातल्या बाईच्या हाताला घावन आणि आंबोळी असते. जिला घरी जाळीदार आंबोळी काढता येते तिला तांदूळ-उडदाचंच पीठ पैसे देऊन खायचं कौतुक कशाला वाटावं? कदाचित तिला इराण्याकडचा पंखा आवडायचा, संगमरवराचं गार टेबल आवडायचं, आणि आज रात्री स्टोव्ह पेटवायचा नाही हेच तिचं जेवण होतं. किंवा फळ्यावर असा एखादा पदार्थ होता की जो तिला फार हवा होता आणि 'तुला काय?' असं कुणी विचारलंच नाही. यातलं खरं काय ते ना तुम्हाला ठाऊक, ना मला, ना बहिणीला. ज्या बाईला ते ठाऊक आहे ती तुमच्याच घरात राहते.

तिला विचारा, पण सरळ विचारू नका. 'आई, तुला काय आवडायचं?' म्हणाल तर 'सगळंच' असं उत्तर येईल आणि विषय मिटेल. ती मेथी निवडत बसली असेल तेव्हा शेजारी बसा, दोन काड्या तुम्हीही निवडा, आणि आडून या. इराण्याच्या फॅमिली रूममध्ये आपण कुठल्या बाजूला बसायचो गं? तू कुठली साडी नेसायचीस? छोटी रडायला लागली की तिला घेऊन बाहेर कोण जायचं? जागा, साडी, माणसं यांच्या मागोमाग खाणं आपोआप येतं. समोर मोबाईल उभा करून रेकॉर्डिंग करू नका, त्या पिढीच्या बायका कॅमेरा दिसला की लगेच 'सगळं छान होतं' मोडमध्ये जातात. आणि हे लक्षात ठेवा की ती काही गैरसोयीचंही सांगेल. त्या रविवारनंतर महिनाअखेरीला वाण्याकडे उधारी व्हायची, किंवा अमुक हॉटेलातून आल्यावर आमचं भांडण झालं होतं, असं काहीतरी. तिथे अप्पांचं वकीलपत्र घेऊ नका. 'बरं, मग?' एवढंच म्हणा.

मग जायचं. एकच ठिकाण, तिघंच: ती, तुम्ही आणि बहीण. तुमची बायको-मुलं, जावई, भाचरं यांचं जेवण संध्याकाळी घरी ठेवा, त्यांना राग येणार नाही. चौदा माणसांच्या टेबलावर ऐंशीच्या बाईच्या वाट्याला एक कोपरा आणि 'आजी, केक काप' एवढंच येतं. आधल्या दिवशी हॉटेलात फोन करून दोन गोष्टी विचारा: पाठ टेकता येईल अशी खुर्ची आहे का आणि कमोड आहे का. जिना असेल तर ते हॉटेल बाद, मग ते अप्पांचं कितीही लाडकं असो. वेळ दुपारी तीनची, गर्दी ओसरलेली असते आणि वेटर 'अजून काय?' म्हणत डोक्यावर उभा राहत नाही. लोकलचा हट्ट नको, गाडी करा. टेम्पोचे पैसे वाचलेच आहेत.

ठिकाण तिनं निवडायचं, आणि ते अप्पांच्या यादीतलं नसलं तर चेहरा पाडायचा नाही. तिला डोंबिवलीतच नातीच्या आवडीच्या ठिकाणी मंचुरियन खाऊन बघायचं असेल. तिला सुरमईचं ताट हवं असेल. 'पण अप्पांची आठवण...' हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. दिवस तिच्या वाढदिवसाचा आहे.

टेबलावर एक अडचण येणार. वेटर कार्ड तुमच्या हातात देईल आणि तुमच्याकडेच बघेल. ते कार्ड तिच्यासमोर ठेवा, चष्मा आणलाय ना ते निघतानाच बघा, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघा. ती म्हणेल, 'तुमच्यातलंच थोडं घेईन.' हे ती म्हणणारच, त्याची तिला साठ वर्षांची सवय आहे. तुम्ही म्हणायचं, 'तू सांगितल्याशिवाय आम्ही मागवत नाही,' आणि गप्प बसायचं. वेटरला दोन मिनिटांनी यायला सांगा. ती गप्प बसण्याची दोन मिनिटं तुम्हाला जड जातील, तोंड उघडू नका. शेवटी तिनं नुसती कॉफी मागवली तर कॉफी. पूर्ण कॉफी, वन बाय टू नाही. तिनं अर्धी टाकली तरी चालेल. 'एवढीशीच?' म्हणून आग्रह करू नका, आणि तिच्या ताटात आपल्यातलं काही वाढू नका.

चवीबद्दल एक. तुम्ही तरीही माटुंग्याला गेलात, किंवा कधी एकटेच मेरवानकडे गेलात (मेरवान २०१४ मध्ये शंभरीला आल्यावर बंद होणार म्हणून केवढी हळहळ झाली होती, आणि मग ते पुन्हा उघडलंही), तर पहिल्या घासाला 'पूर्वीची चव राहिली नाही' हे जाहीर करू नका. प्रत्येक घरात असा एक काका असतो आणि तो आजूबाजूच्या चार जणांच्या तोंडची चव घालवतो. कधीकधी चव खरंच बदललेली असते. पण आपण जिला चव म्हणतो ती बरीचशी वासाची करामत आहे, आणि वास घ्यायची ताकद वयाबरोबर कमी होते. शिवाय दहा वर्षांच्या, तासभर ताटकळलेल्या, महिन्यातून एकदाच हॉटेल बघणाऱ्या मुलाची भूक आता कुठून आणणार? तुमच्या फोनवर तर आता रात्री बारालाही डोसा येतो.

तुमच्या बशांच्या आठवणी वाया जाऊ देऊ नका, असं मात्र मी सांगेन. त्या चांगल्या आहेत, आणि तुम्हाला लिहिता येतं. एका वहीत लिहा, मुलांसाठी. कधीतरी बहिणीला फोनवर विचारा, 'तुला अप्पांच्या संपाआधीच्या गोष्टी ऐकायच्यात का?' नाही म्हणाली तर सोडून द्या. हो म्हणाली तर एका वेळी एकच सांगा, आणि मग तिला डब्यांबद्दल विचारा. कोणाकोणाचे डबे जायचे, पोचवायला ती जायची का, संध्याकाळी उरलेल्या चपातीचं काय व्हायचं. तुम्ही तेव्हा कॉलेजात किंवा नोकरीच्या मागे असणार, घरात दिवसभर ती होती. त्या वीस वर्षांतल्या निम्म्या गोष्टी तुम्हाला माहीत नसतील, असा माझा अंदाज आहे.

पण ते नंतर. आज तिला एवढाच निरोप पाठवा: 'ग्रुप बंद केला. आईला तिला हवं तिथे नेऊ, आपण तिघंच. तुला कुठला दिवस जमेल?' यात 'पण तू असं बोलायला नको होतंस' जोडू नका, हसरे चेहरे नकोत, अप्पांचा फोटो नको. तिचं उत्तर यायला चार दिवस लागले तर चार दिवस थांबा, मध्ये आईकडून फोन करवू नका. हो म्हणाली तर शनिवार-रविवार सोडून दिवस धरा. सकाळची पंचवटी एक्सप्रेस कल्याणला थांबते, संध्याकाळी परतायलाही तीच आहे. तिकीट तुम्ही काढा. आणि हॉटेलात बिल मी देते म्हणाली, तर देऊ द्या.